डोळ्यांभोवतीचा विटिलिगो: तोच क्लेम पुन्हा पुन्हा परत येतो तेव्हा कुठे बघायचं

गोव्यात बसून अमेरिकेतल्या डोळ्यांच्या आणि त्वचेच्या दवाखान्यांचं कोडिंग (डॉक्टरच्या नोटवरून आजाराचा आणि उपचाराचा ठरलेला कोड लावून विमा कंपनीकडे पैशांची मागणी, म्हणजे क्लेम, पाठवण्याचं काम) करणारी आपली मराठी मंडळी आता कमी नाहीत. पेडणे, डिचोली, सत्तरीहून बस पकडून पणजी-पर्वरीला येणाऱ्या मुलामुलींना शिकवताना मी एक चार्ट हमखास समोर ठेवते: पापणीवरच्या आणि डोळ्याभोवतीच्या पांढऱ्या डागांचा, म्हणजे त्वचेचा रंग जाणाऱ्या विटिलिगोचा. दिसायला अगदी साधा. रक्कमही बहुधा मोठी नसते. तरी क्लेम जातो, परत येतो, दुरुस्त होऊन पुन्हा जातो आणि पुढच्या वेळी भलत्याच कारणाने परत येतो. मग कोणीतरी वैतागून शेवटचा आकडा बदलून बघतं.

तो आकडा बदलून बघणं आधी थांबवा. या आजारात बिघाड बहुतेक वेळा डॉक्टरच्या नोटमध्ये असतो. नोट जोपर्यंत कुठली बाजू आणि कुठली पापणी ते सांगत नाही, तोपर्यंत आपण कितीही हुशारीने कोड निवडला तरी तो अंदाजच राहतो. आणि अंदाजाने लावलेला कोड पेशंटच्या फाइलमध्ये कायमचा बसतो. पुढे ती फाइल उघडणारा प्रत्येक डॉक्टर त्यावर विश्वास ठेवून चालतो. म्हणून मी क्रम असा ठेवते: आधी नोट, मग कोड, मग क्लेम.

एल८० लावला आणि क्लेम परत आला

विटिलिगो म्हटलं की हात सरळ एल८० कडे जातो. तीन अक्षरांत संपणारा कोड, लक्षात राहायला सोपा. पण आयसीडी-१०-सीएममध्ये, म्हणजे आजारांच्या कोडांच्या अमेरिकन यादीत, पापण्या आणि डोळ्याभोवतीची जागा त्वचेच्या प्रकरणात नाही, डोळ्याच्या प्रकरणात आहे. एच०२.७३ खाली. तिथे सात कोड आहेत आणि ते पाठ असलेले बरे:

एच०२.७३१ – उजव्या डोळ्याची वरची पापणी
एच०२.७३२ – उजव्या डोळ्याची खालची पापणी
एच०२.७३३ – उजवा डोळा, पापणी सांगितलेली नाही
एच०२.७३४ – डाव्या डोळ्याची वरची पापणी
एच०२.७३५ – डाव्या डोळ्याची खालची पापणी
एच०२.७३६ – डावा डोळा, पापणी सांगितलेली नाही
एच०२.७३९ – डोळाही सांगितलेला नाही, पापणीही नाही

प्रत्येकाच्या वर्णनात पापणीसोबत डोळ्याभोवतीची जागाही धरलेली आहे. म्हणजे डाग पापणीच्या कडेवरून उतरून डोळ्याखालच्या त्वचेवर आला असेल, तरी आपण याच घरात राहतो. नुसता एच०२.७३ पाठवला तर क्लेम अपुरा म्हणून परत येणार, कारण सहावं अक्षर लागतंच.

दोन्ही डोळ्यांसाठी एकच कोड या यादीत नाही. ब्लेफरायटिसमध्ये (पापणीच्या सुजेत) वरची-खालची पापणी एकत्र धरणारे कोड आले, त्यामुळे नवीन मुलं इथेही तसं काही शोधत बसतात. इथे तसं काही नाही. दोन्ही वरच्या पापण्या असतील तर ७३१ आणि ७३४, दोन्ही वेगवेगळे लिहायचे. चारही पापण्या असतील तर चार कोड. अधिकृत मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: दोन्ही बाजूंचा एक कोड नसेल तर उजव्याचा आणि डाव्याचा वेगळा द्या.

मग एल८० चं काय करायचं? इथे ऑडिटमध्येही वाद होतात, म्हणून थोडं थांबून सांगते. एल८० खाली ‘एक्सक्लूड्स टू’ अशी टीप आहे आणि तिच्यात पापणीचा विटिलिगो आणि योनीमुखाचा विटिलिगो अशी दोन नावं आहेत. ‘एक्सक्लूड्स’ शब्द दिसला की बरेच जण दोन कोड एकत्र चालत नाहीत असं धरतात. ते ‘एक्सक्लूड्स वन’चं काम. ‘टू’चा अर्थ एवढाच की पापणीचा डाग एल८० मध्ये मोजलेला नाही, तो असेल तर वेगळा लिहा. पेशंटच्या हातांवर, गुडघ्यांवर डाग आहेत आणि उजव्या वरच्या पापणीवरही आहे, तर एल८० आणि एच०२.७३१ दोन्ही जातात. त्या दिवशी डॉक्टरने मुख्यतः ज्यासाठी तपासलं तो आधी. फक्त पापणीवर असेल तर एल८० लावायचाच नाही.

क्लेम परत आलाच आणि कारणात ‘दोन निदानं एकत्र चालत नाहीत’ असं असेल, तर ती समोरच्या सॉफ्टवेअरची चूक असू शकते. अशा वेळी कोड काढून टाकू नका. टीपेचा हवाला देऊन अपील करा. एक कोड गाळून पैसे पटकन मिळतील, पण पेशंटच्या फाइलमधून अर्धा आजार गायब होईल.

शेवटी ९ असलेला कोड सगळीकडे दिसतो, तो कुठून येतो?

कित्येक दवाखान्यांच्या टेम्प्लेटमध्ये एच०२.७३९ आयताच बसलेला असतो. त्याला इतिहास आहे. ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत अमेरिकेत आयसीडी-९ चालत होतं. त्यात पापणीचा रंग उडण्याला ३७४.५३ असा एकच कोड होता आणि बाकी विटिलिगोला ७०९.०१. दोन्हीत बाजूचा पत्ता नाही. १ ऑक्टोबर २०१५ ला नवी यादी आली तेव्हा जुन्या याद्यांना नवे कोड जोडले गेले. जुन्यात बाजू नव्हती, मग नव्यात ती आणणार कुठून? असा प्रश्न आला की सहसा शेवटी ९ असलेला कोड पडतो. दवाखान्याचा आवडत्या कोडांचा ड्रॉपडाउन तेव्हापासून कोणी उघडून बघितलेला नसतो.

म्हणून एकाच दवाखान्याचे क्लेम वारंवार ७३९ मुळे अडकत असतील, तर एकेक क्लेम दुरुस्त करत बसू नका. अकाउंट मॅनेजरला सांगून टेम्प्लेट उघडायला लावा. ७३९ ड्रॉपडाउनमधून काढा आणि ७३१, ७३२, ७३४, ७३५ हे चार ठेवा. ७३३ आणि ७३६ सुद्धा शेवटी ठेवा, पहिल्या जागी नकोत. एकदा टेम्प्लेट नीट झाली की डॉक्टरला बाजू निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि आपलं निम्मं काम होऊन जातं.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी: ७३९ हा चुकीचा कोड नाही. नोटमध्ये बाजू खरोखर नसेल आणि ती मिळण्यासारखी नसेल, तर तोच खरा कोड. बाजू मनाने टाकणं त्यापेक्षा कितीतरी वाईट.

नोट कशी दिसते आणि कशी दिसायला हवी

अडकणारी नोट साधारण अशी असते: ‘पेरिऑक्युलर विटिलिगो, स्टेबल. ऑइंटमेंट चालू ठेवा. तीन महिन्यांनी या.’ एवढंच. हिच्यातून ७३९ पलीकडे काहीही निघत नाही. कुठला डोळा, वरची की खालची पापणी, डाग केवढा, कधीपासून, कुठलं ऑइंटमेंट, ‘स्टेबल’ कशाच्या तुलनेत, काहीच नाही.

आता हाच पेशंट, पण नोट अशी: ‘उजव्या वरच्या पापणीवर बाहेरच्या कोपऱ्याकडे १.५ बाय ०.८ सेंटीमीटरचा खडूसारखा पांढरा, स्पष्ट कडेचा डाग. डाव्या खालच्या पापणीवर ०.५ सेंटीमीटरचा. वुड्स लॅम्पखाली दोन्ही चकाकतात. उजव्या वरच्या पापणीच्या केसांपैकी काही पांढरे. स्पर्शज्ञान शाबूत. खवले नाहीत, खाज नाही. नऊ महिन्यांपासून, मागच्या भेटीच्या फोटोशी तुलना करता वाढ नाही. नॉन-सेगमेंटल विटिलिगो.’

या नोटमधून एच०२.७३१ आणि एच०२.७३५ कोणाशी वाद न घालता निघतात. पापण्यांच्या पांढऱ्या केसांची, म्हणजे पोलिओसिसची, डॉक्टरने स्वतंत्र दखल घेतली असेल तर एल६७.१ ही येतो. वुड्स लॅम्प या अतिनील दिव्याचा साधारण ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश डागाची कड उठवून दाखवतो. तो लावला की नाही हे नोटमध्ये आलं तर निदानाला आधार मिळतो.

‘स्पर्शज्ञान शाबूत’ हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. फिकट डाग आणि त्यावर संवेदना कमी, हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं आणि तो ए३० च्या घरात जातो. आपल्याकडे हा फरक प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञ तपासतो. तिकडच्या नोटमध्ये तो तपासलेला असूनही लिहिलेला नसतो. विटिलिगोत रंग पूर्ण गेलेला असतो आणि त्वचा बाकी ठणठणीत असते. लहान मुलांच्या गालावरचे फिकट, किंचित खवल्यांचे डाग बहुधा पिटिरियासिस अल्बा निघतात, त्यांना एल३०.५. जन्मापासून असलेला डाग हा विटिलिगो नव्हेच. एच०२ खालच्या टीपेत पापणीच्या जन्मजात विकृती वगळलेल्या आहेत, त्यामुळे नोटमध्ये ‘जन्मापासून’ असा शब्द दिसला की थांबायचं आणि विचारायचं.

टिकलीच्या चिकट पदार्थामुळे कपाळावर पडणारा पांढरा डाग आपल्याकडे बायकांना माहीत असतो. त्या गोंदातलं पॅरा-टर्शियरी-ब्युटाइलफिनॉल त्याला कारण होतं. तशीच रसायनं इतर सौंदर्यप्रसाधनांत किंवा रबरात असली तर डोळ्याजवळही रंग उडू शकतो. डॉक्टरने ‘केमिकल ल्युकोडर्मा’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर सवयीने विटिलिगो लावू नका. दुसऱ्या कुठल्याच कोडमध्ये न मोडणाऱ्या ल्युकोडर्मासाठी एल८१.५ आहे, पण जागा पापणीची असल्याने कुठला कोड घ्यायचा हे डॉक्टरला लेखी प्रश्न, म्हणजे क्वेरी, पाठवूनच ठरवा.

‘शक्यता’, ‘संशय’, प्रश्नचिन्ह

ओपीडीच्या चार्टमध्ये ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’, ‘कन्सिस्टंट विथ’ असे शब्द आले की ते निदान कोड करायचं नाही. मार्गदर्शक सूचनांच्या चौथ्या भागात हे स्पष्ट आहे. तिथे दिसलेलं लक्षण कोड करतात. आंतररुग्णांसाठी नियम वेगळा आहे आणि हॉस्पिटल कोडिंगमधून ओपीडीकडे आलेली मुलं इथेच गोंधळतात.

या आजारात एक जास्तीचा पेच आहे. एच०२.७३ च्या शीर्षकाखाली ‘पापणीचा रंग फिका होणे’ हेही समाविष्ट म्हणून दिलेलं आहे. म्हणजे डॉक्टरने ‘विटिलिगोचा संशय’ लिहिलं आणि त्याच नोटमध्ये ‘उजव्या वरच्या पापणीचं हायपोपिगमेंटेशन’ असं ठाम लिहिलं, तर लक्षणाच्या वाटेनेसुद्धा कोड एच०२.७३१ वरच जातो. नियमात हे बसतं. पण पेशंटच्या पोर्टलवर शीर्षक काय दिसतं? विटिलिगो. ज्याला अजून निदान मिळालेलं नाही, त्याला ते तिथे वाचायला मिळतं. आपल्या समाजात या एका शब्दाने घरात काय होतं, मुलीच्या लग्नाची बोलणी कशी थांबतात, हे इथे कोणाला सांगायला नको. त्यामुळे मी अशा चार्टवर कोड लावण्याआधी क्वेरी पाठवायला सांगते. डॉक्टरचं उत्तर ‘निदान पक्कं’ असेल तर प्रश्नच मिटला. ‘अजून पक्कं नाही’ असेल तर कोडच्या शीर्षकातून पेशंटपर्यंत काय पोचणार आहे याची डॉक्टरला कल्पना तरी येते आणि तो पेशंटशी बोलतो.

बायोप्सी झाली असेल तर रिपोर्ट येईपर्यंत क्लेम धरून ठेवा. कोडिंग करताना अंतिम रिपोर्ट हातात असेल तर त्यातलं पक्कं निदान वापरता येतं.

इ१ आणि ७३१ यांचा घोळ

हा प्रकार मला ऑडिटमध्ये सारखा सापडतो आणि एकदा समजला की पुन्हा होत नाही.

पापणीवर काही प्रक्रिया केली की सीपीटी कोडला, म्हणजे अमेरिकेत प्रक्रियेसाठी लावायच्या कोडला, पापणीचा मॉडिफायर (जागा सांगणारी जोड) लागतो. ते चार आहेत: इ१ डावी वरची, इ२ डावी खालची, इ३ उजवी वरची, इ४ उजवी खालची. नीट बघा: मॉडिफायर डाव्या डोळ्यापासून सुरू होतात. निदानाचे कोड उजव्या डोळ्यापासून. म्हणजे ७३१ ची जोडी इ३ शी, ७३२ ची इ४ शी, ७३४ ची इ१ शी आणि ७३५ ची इ२ शी.

घाईत डोकं १ ला १ जोडतं. उजव्या वरच्या पापणीची बायोप्सी, सीपीटी ६७८१०, मॉडिफायर इ१, निदान एच०२.७३१. स्क्रीनवर सगळं जुळलेलं वाटतं. क्लेममध्ये मात्र डाव्या पापणीवर प्रक्रिया आणि उजव्या पापणीचा आजार असं निघतं. नकाराच्या ठरलेल्या कारणांपैकी एक उत्तर येतं: कारण ४, मॉडिफायर जुळत नाही, किंवा कारण ११, निदान आणि प्रक्रिया जुळत नाही. मग पोरं निदान बदलतात, जे बरोबर होतं! सगळ्यात वाईट म्हणजे ते बदललेलं निदान कधी कधी मंजूर होऊन जातं आणि फाइलमध्ये उजव्या पापणीचा डाग डावीकडे सरकतो.

आमच्या टेबलावर या जोड्या मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलेल्या आहेत. तुम्हीही चिकटवा. पेडण्याच्या एका मुलीने विचारलं होतं, ‘‘ताई, मी आधी डोळा बघू की आकडा?’’ मी म्हटलं, ‘‘बाय, आकडा बघूच नकोस. नोटमधली पापणी तोंडाने म्हण, मग दोन्हीकडे ती शोध.’’ आजही ती चार्ट वाचताना पुटपुटते, आणि तिचे क्लेम या कारणाने परत येत नाहीत.

६७८१० बद्दल आणखी एक. त्याच्या वर्णनात पापणीची कड धरलेली आहे. डाग कडेपासून दूर असेल आणि साध्या पंचने तुकडा घेतला असेल, तर त्वचेच्या बायोप्सीचा १११०४ बघावा लागतो. ‘कड घेतली की नाही’ हे नोटमध्ये हवंच.

दोन्ही डोळे असतील तर पॉइंटरकडेही, म्हणजे कुठली प्रक्रिया कुठल्या निदानासाठी ते दाखवणाऱ्या अक्षराकडेही, लक्ष द्या. सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मच्या २१ व्या रकान्यात बारा निदानं बसतात, ए पासून एल पर्यंत इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, पण २४-ई मध्ये एका ओळीला चारच पॉइंटर देता येतात. उजव्या वरच्या पापणीच्या ओळीला उजव्या वरच्याचंच अक्षर द्या. सगळ्या ओळींना सगळी निदानं लावून मोकळं होणं हा आळस आहे आणि तो क्लेममध्ये दिसतो.

निदान बरोबर, तरी ‘गरज सिद्ध होत नाही’

कारण ५० आलं की कोडिंगची चूक शोधण्यात वेळ घालवू नका. विमा कंपनीचं म्हणणं असतं की हे सौंदर्यासाठी आहे, किंवा हे औषध या आजारासाठी मान्य नाही. इथे नोटच आपला वकील असते.

डोळ्याजवळ स्टिरॉइडचं ऑइंटमेंट दीर्घकाळ लावणं डॉक्टर टाळतात, कारण डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो आणि पापणीची त्वचा पातळ होते. म्हणून स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस देतात. पण अमेरिकेत टॅक्रोलिमस ऑइंटमेंटला २००० साली मान्यता मिळाली ती अटोपिक डर्मटायटिससाठी (एक प्रकारच्या इसबासाठी). विटिलिगोला ते छापील उपयोगाबाहेरचं आहे. पूर्वपरवानगी मागताना नोटमध्ये ‘पापणीवर स्टिरॉइड का नको’ हे एक वाक्य नसेल तर नकार जवळजवळ ठरलेला. आधी काय वापरलं, किती आठवडे वापरलं, काय झालं, हेही हवं.

रक्सोलिटिनिब क्रीम १.५ टक्के जुलै २०२२ मध्ये खास विटिलिगोसाठी मान्य झालं: नॉन-सेगमेंटल प्रकार (शरीराच्या एका बाजूच्या पट्ट्यापुरता नसलेला), वय १२ किंवा अधिक. शरीराच्या दहा टक्क्यांपर्यंत क्षेत्रावर लावायचं. आता गंमत बघा, आयसीडी-१०-सीएमच्या कोडमध्ये सेगमेंटल की नॉन-सेगमेंटल हा भेद नाहीच. त्यामुळे कोड कितीही अचूक असला तरी परवानगीचा निर्णय नोटमधल्या एका शब्दावर अडतो. डॉक्टरला ‘नॉन-सेगमेंटल’ लिहायला आणि एकूण क्षेत्र टक्क्यांत द्यायला सांगा. पेशंटचा बोटांसह तळवा म्हणजे साधारण एक टक्का, या मापाने ते दोन मिनिटांत निघतं. पापणीवर लावायचं असेल तर डोळ्यात जाऊ नये म्हणून काय समज दिली तेही असावं.

प्रकाशोपचारात वेगळी अडचण. ३०८ नॅनोमीटरच्या एक्झायमर लेझरसाठी ९६९२० ते ९६९२२ हे कोड आहेत आणि त्यांच्या वर्णनातच सोरायसिसचं नाव आहे. एच०२.७३१ जोडला की कित्येक कंपन्या लगेच नाकारतात. कोणीतरी ‘मग सोरायसिस लावू या’ असं सुचवतं. ते करायचं नाही, कुठल्याही दबावाखाली नाही. ते खोटं बिल आहे. कंपनीचं धोरण वाचा, पूर्वपरवानगी मागा, नाकारलं तर पेशंटला खर्च आधी सांगा.

नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, नुसता दिला असेल तर ९६९००. ९६९१० ला डांबर किंवा पेट्रोलेटम लावून यूव्हीबी दिल्याची नोंद लागते. पेट्रोलेटम लावलं पण लिहिलं नाही, तर ९६९१० टिकत नाही. आणि डोळ्यांना काय संरक्षण दिलं? गॉगल घातला तर पापणी झाकली जाते, मग उपचार कुठे झाला, असा प्रश्न रिव्ह्यूअर विचारतो आणि तो योग्य प्रश्न आहे. ‘डोळे मिटून’, ‘शील्ड लावून’ जे केलं ते नोटमध्ये हवं.

सोबतचे आजार लपलेले असतात

विटिलिगोच्या पेशंटमध्ये थायरॉइडचे आजार बरेच सापडतात, म्हणून डॉक्टर टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी बघतात. हाशिमोटो थायरॉइडायटिस नोंदवलेला असेल तर ई०६.३. नुसता टीएसएच जास्त आला म्हणून आपण हायपोथायरॉइड लावायचं नाही. निदान डॉक्टरने करायचं.

पापण्यांचे केस, भुवया पांढऱ्या, सोबत डोळे लाल, नजर धूसर, कानात आवाज, डोकेदुखी असं काही नोटमध्ये विखुरलेलं दिसलं, तर वोग्ट-कोयानागी-हाराडा या आजाराचा विचार डॉक्टरच्या मनात असू शकतो. त्याचं घर एच२०.८२. हे निदान आपण कधीच जोडून देऊ नये. पण नोटमध्ये ही लक्षणं असून निदानाच्या रकान्यात फक्त पापणीचा डाग असेल, तर मी चार्ट पुढे न ढकलता विचारते. असा एक प्रश्न वेळेवर गेला तर कोणाची नजर वाचू शकते.

क्वेरी कशी पाठवायची

‘डॉक्टर, उजवी वरची पापणी लिहू ना?’ असं विचारायचं नाही. उत्तर आपणच भरवल्यासारखं होतं आणि ऑडिटमध्ये ते उभं राहत नाही. नोटमध्ये काय आहे ते आधी लिहा, मग पर्याय द्या: उजवी वरची, उजवी खालची, डावी वरची, डावी खालची, इतर, सांगता येत नाही. ‘पैसे अडकलेत’ हा उल्लेख क्वेरीत अजिबात नको.

बाजूची माहिती डॉक्टरनेच लिहिलेली असावी असं बंधन नाही. नर्स किंवा अन्य अधिकृत क्लिनिशियनने नोंदवलेली बाजू घेता येते. निदान मात्र डॉक्टरचं हवं. त्यामुळे क्वेरीआधी नर्सची नोंद आणि फोटोचं शीर्षक बघा. दोन ठिकाणी दोन बाजू दिसल्या तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हलायचं नाही.

वेळही सांभाळा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात सात. क्वेरी त्याआधी गेली तर डॉक्टर पहिला पेशंट बघण्याआधी ती वाचतो. रात्री दहाला टाकलेली क्वेरी त्यांच्या गर्दीत बुडते.

उत्तर आलं की जुनी नोट बदलायची नाही. तारीख आणि सहीसह पुरवणी नोंद जोडायची. नोट लिहून कित्येक महिने झाले असतील आणि डॉक्टरला आठवत नसेल, तर ‘सांगता येत नाही’ हे उत्तर मान्य करा आणि ७३९ ठेवा. बहुतेक खासगी कंपन्यांना दुरुस्त क्लेम २२ व्या रकान्यात ७ आकडा आणि जुना क्लेम क्रमांक देऊन जातो. मेडिकेअरची, म्हणजे तिथल्या सरकारी विम्याची, मुदत सेवेच्या तारखेपासून बारा महिने, खासगी कंपन्यांची बहुधा त्याहून कमी.

आपल्याकडच्या कागदांवर हे कोड चालत नाहीत

शेवटी एक, कारण म्हापसा-मडगावच्या दवाखान्यांत काम करणारी मैत्रमंडळी हे वारंवार विचारतात. वर दिलेले सहा अक्षरी कोड अमेरिकेच्या आवृत्तीतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये पापणीचा विटिलिगो एच०२.७ मध्ये येतो, बाजूशिवाय, क्लोअस्मा (गडद डाग) आणि मॅडरोसिससोबत (पापणीचे केस गळणे). आपल्या विमा फॉर्मवर किंवा हॉस्पिटलच्या नोंदवहीत मूळ आवृत्ती मागितली असेल तर एच०२.७३१ लिहिला की सॉफ्टवेअर अडवतं. आणि अमेरिकन क्लेमवर एच०२.७ लिहिला तर तिकडचं अडवतं. आयसीडी-११ मध्ये विटिलिगो ईडी६३.० आहे, १ जानेवारी २०२२ पासून ती आवृत्ती लागू झाली असली तरी फॉर्मवर कुठली मागितली आहे ते आधी वाचा.

बाजू कोडमध्ये मावत नाही म्हणून इथल्या केसपेपरवरून गाळू नका. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पुढे पाठवलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर ‘उजवी वरची पापणी, १.५ सेंटीमीटर’ असं शब्दांत लिहिलेलं असलं, तर तिथल्या डॉक्टरला डाग वाढला की नाही हे पहिल्याच भेटीत कळतं.

अमेरिकन यादी दर १ ऑक्टोबरला बदलते, एप्रिलमध्येही थोडी भर पडू शकते. चवथीची सुट्टी संपून माणसं कामावर परतली की पहिल्याच आठवड्यात एच०२ चं पान नव्या यादीतून पुन्हा काढा आणि टेबलावरची चिकटवलेली चिठ्ठी त्याच्याशी ताडून बघा.